त्या निवेदनावर मी सही का केली नाही

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक निवेदन तयार झालं. मजकूर थोडक्यात असा: अमुक एका विनोदी चित्रपटात महिला सरपंचाची टवाळी केलेली आहे, त्यामुळे समस्त महिला लोकप्रतिनिधींचा अवमान होत आहे, सबब सदर चित्रपट माण तालुक्यात यात्रेत, गणपतीत वा शाळेच्या पटांगणात कुठेही दाखवू नये असा हुकूम तहसीलदारसाहेबांनी काढावा. खाली ३१ सह्या आणि अंगठे. बत्तिसावी सही माझी व्हायची होती. मी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

त्यावरून बरीच बोलाबोली झाली. गटात इतकी वर्षं काम करूनही एखाद्या कागदावर सगळ्यांच्या विरुद्ध बसण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. "ताई, तुमाला काय फरक पडतोय? तुमी काय सरपंच न्हाई," असं एकजण बोलली, ते लागलं. तिचं म्हणणं खरंच आहे. ग्रामसभेत भर पंचवीस-तीस पुरुषांसमोर माझी कुणी नक्कल केलेली नाही. म्हणून बैठकीत जे धड बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. इतर गटांमध्येही हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

चित्रपटाचं नाव मी मुद्दामच देत नाही. त्यातला दीडेक मिनिटाचा तुकडा मोबाईलवर फिरतो आहे. डोक्यावरचा पदर सावरत सरपंचबाई खुर्चीत बसली आहे. ग्रामसेवक म्हणतो, बाई, ठराव पास करा. बाई ठरावाचा कागद उचलते आणि शेजारणीकडे पास करते. शेजारीण पुढचीकडे. कागद फिरत फिरत दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातात जातो आणि तो सही ठोकतो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही हसले. तुकडा बेतलेला चांगला आहे, आणि त्यातलं सगळंच खोटं आहे असंही नाही. १९९३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा आल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, आणि तरीही 'सरपंचपती' हा शब्द गावोगाव कसा जिवंत आहे हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

पण आमच्या भागातल्या एका गावात पुढे काय झालं ते ऐका. तिथली सरपंचबाई सातवी शिकलेली, हिशेबाला पक्की. नळाच्या योजनेचं काम अर्धवट का राहिलं हे विचारायला ती ग्रामसभेत उभी राहिली की मागच्या बाजूला बसलेली पोरं ओरडायची, "पास करा, पास करा!" एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या सभेला तिने ताप आल्याचं कळवलं आणि नवऱ्याला पाठवलं. पडद्यावर नवरा सही करत होता, त्या पोरांनी ते गावात घडवून आणलं. बैठकीत ही बाई रडली. निवेदन लिहायची कल्पना त्या रडण्यातून आली. तेव्हा हा राग वरवरचा नाही हे मला मान्य आहे.

आता त्याच्या चार महिने आधीची गोष्ट सांगते, कारण माझा नकार तिथून सुरू होतो.

शिबिरात 'सत्ता म्हणजे काय' असं एक सत्र होतं. एमएसडब्ल्यूच्या वर्गात शिकलेले तक्ते, बाणांच्या आकृत्या आणि त्रिकोण काढून मला कंटाळा आला होता आणि बायकांना तर माझ्याआधीच आला होता. म्हणून शाळेच्या भिंतीवर धुतलेलं धोतर ताणून बांधलं, उसना प्रोजेक्टर आणला आणि 'सामना' लावला. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, रामदास फुटाण्यांची निर्मिती. साखर कारखाना, पंचायत, सोसायटी सगळं मुठीत असलेला हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि कुठून तरी येऊन पडलेला, दारूत बुडालेला मास्तर म्हणजे श्रीराम लागू. मास्तर हिंदुरावाचं खातो, पितो आणि एकच विचारत राहतो: मारुती कांबळे नावाचा माणूस होता, त्याचं काय झालं?

हा चित्रपट मी कॉलेजात असताना फिल्म क्लबात पाहिला होता. तिथे सगळे गंभीर चेहऱ्याने बसले होते. इथे बायका हसत होत्या! आणि शहरातला प्रेक्षक जिथे हसेल तिथे नाही, भलतीकडेच. हिंदुराव मोठ्या मनाने, मायेने बोलायला लागला की हसू फुटायचं. "लई ग्वाड बोलाय लागला, म्हंजी आता कापणार," असं एक मावशी म्हणाली आणि सगळी भिंत हलली. ही मावशी २२ हंगाम ऊस तोडायला जाऊन आलेली. अलीकडे उरमोडीचं पाणी आमच्या काही गावांत आलं, पण माण हा पावसाने टाकलेलाच मुलूख. दसरा झाला की बैलगाडीत संसार घालून कारखान्यांकडे निघायचं हे इथल्या कितीतरी घरांचं वर्षाचं वेळापत्रक होतं, काहींचं अजूनही आहे. नवरा-बायको दोघं मिळून एक 'कोयता' मोजतात. उचल घ्यायला नवरा, फेडायला दोघं. कारखान्याची चिमणी या बायकांनी मागच्या बाजूने पाहिलेली आहे. त्यामुळे हिंदुराव म्हणजे काय हे मला त्यांना समजावून सांगावंच लागलं नाही. तक्ता गुंडाळूनच राहिला.

चित्रपट संपल्यावर त्याच मावशीने विचारलं, "त्या मारुतीच्या बायकूनं म्होरं कसं केलं आसल वं?" मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडच्या राजकीय चित्रपटांची इतकी परीक्षणं वाचली, हा प्रश्न मी कुठे वाचल्याचं आठवत नाही.

(निळू फुल्यांची एक गोष्ट त्या रात्री सांगितली. त्यांच्या भूमिकांमुळे खेड्यातल्या बायका त्यांना प्रत्यक्ष पाहूनही घाबरायच्या असं ते स्वतःच सांगत. राष्ट्र सेवा दलातला, चळवळींच्या पाठीशी उभा राहणारा माणूस! "म्हंजी सोंग बेस वठिवलं," एवढंच मावशी म्हणाली.)

दोन दिवसांनी गटातल्या पाचसहा जणींनी आपणहून एक सोंग उभं केलं. कुणी टोपी घातली, कुणी काजळाच्या मिशा काढल्या. विषय टँकरचा. आमच्याकडे टँकरच्या खेपांच्या वहीवर बायकांच्या सह्या घेतात. सोंगातला अध्यक्ष एक खेप टाकतो आणि तीन खेपांवर सह्या मागतो. बाई म्हणते, मला एकच सही येते, उरलेल्या दोन टँकरकडून घ्या. असं पंधरा मिनिटांचं. आपल्याकडे बायकांना सोंगं नवीन नाहीत. पंचमीला, गौरीच्या जागरणाला, जात्यावरच्या ओव्यांत सासू, नणंद, नवरा, सावकार यांची टर आपण पिढ्यान्‌पिढ्या उडवत आलोय. पण ते रात्री, घरात, पुरुष नसताना. तिथे सेन्सॉर लागत नाही, कारण ऐकणारंच कुणी नसतं. हे सोंग मात्र आम्ही संध्याकाळी साडेसहाला देवळाच्या पटांगणात केलं. पुरुष उभे राहून पाहात होते. हसतही होते.

तिसऱ्या दिवसापासून सुरू झालं. अध्यक्ष झालेल्या बाईच्या नवऱ्याला पारावर बोलावून विचारलं, "घरात मिशा कुणाला हायत?" दुसरीचं कर्जाचं प्रकरण एका पतसंस्थेत मंजुरीला होतं, त्यात अचानक कागद कमी निघाले. तिसरीच्या सासूला सांगितलं गेलं की ताई लोक सुनांना बिघडवतात. कुणी कुणाला मारलं नाही, नोटीस दिली नाही, लेखी एक अक्षर नाही. आणि बायकांनी 'सिंहासन' बघायचं ठरवलं होतं, त्यासाठी समाजमंदिर मागायला गेलो तेव्हा किल्ली हरवलेली होती. ती अजून सापडलेली नाही. एका जबाबदार गृहस्थांनी मला बाजूला घेऊन समजुतीने सांगितलं, "बायकांना भक्तिपर कायतरी दाखवा की. राजकारणाचं कशाला?"

आता गंमत पाहा. 'सिंहासन' १९७९ चा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा. मुख्यमंत्री, त्यांची खुर्ची ओढायला निघालेला अर्थमंत्री, युनियनचा पुढारी, स्मगलर, आणि हे सगळं पाहून शेवटी वेड्यासारखा हसत सुटणारा पत्रकार दिगू टिपणीस. या चित्रपटाला मंत्रालयात चित्रीकरण करू दिलं ते त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनी, शरद पवारांनी. जब्बार पटेल हे अनेकदा सांगत आले आहेत. मुख्यमंत्र्यांची खिल्ली उडवणाऱ्या चित्रपटाला मंत्रालयाचे दरवाजे उघडतात, आणि चाळीसहून अधिक वर्षांनी तोच चित्रपट बघायला आमच्या समाजमंदिराचं कुलूप उघडत नाही! मंत्रालयाला जो परवडतो तो विनोद वॉर्डातल्या मेंबरला परवडत नाही, असं का? माझ्या मते कारण सोपं आहे. मुंबईतल्या खुर्चीला चित्रपटाने धक्का बसत नाही हे तिथे बसणाऱ्याला ठाऊक असतं. टँकरच्या वहीवर सह्या करणाऱ्या बायका हसायला लागल्या तर मात्र दुसऱ्या दिवशी सह्या मिळत नाहीत.

अर्थात मुंबई-दिल्लीला नेहमीच परवडलं असंही नाही. 'किस्सा कुर्सी का' ही गोष्ट तरुण कार्यकर्त्यांना आज फारशी माहीत नसते. अमृत नाहटा हे स्वतः काँग्रेसचे खासदार. त्यांनी सत्तेवर टीका करणारा हा चित्रपट काढला आणि एप्रिल १९७५ मध्ये सेन्सॉरकडे दिला. सरकारने ५१ आक्षेप काढले. नाहटांनी उत्तर दिलं तोवर आणीबाणी आली होती. चित्रपट जप्त झाला, आणि त्याच्या प्रती, मूळ निगेटिव्हसकट, गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात जाळल्या गेल्या. पुढे शहा आयोगासमोर हे आलं, खटला झाला. फेब्रुवारी १९७९ मध्ये खालच्या न्यायालयाने संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना दोषी धरलं, नंतर सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. नाहटांनी चित्रपट पुन्हा नव्याने काढून १९७८ साली लावला, पण जो जळला तो जळला.

या चित्रपटात 'जनता' नावाचं एक पात्र आहे. शबाना आझमींनी ते केलं. ती एक गरीब बाई आहे, आणि ती मुकी आहे. राज्य करणारे, लुटणारे, भाषण करणारे पुरुष बोलतात आणि जनता ही मुकी बाई. सरकारला तीसुद्धा सहन झाली नाही, हे एक. पण दुसरंही मनात येतंच: इतक्या धाडसी दिग्दर्शकालाही लोकांचं प्रतीक म्हणून जी बाई सुचली तिला वाचा दिलेली नाही. आमच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एकजण पटकन म्हणाली, "मुकी कुठली, तिला बोलायची पाळीच आली नसंल."

त्याच वर्षी गुलजारांचा 'आंधी' चालू असतानाच बंद पाडला, तो १९७७ नंतर मोकळा झाला. ती विडंबनाची गोष्ट नव्हे, राजकारणात असलेल्या एका बाईची आणि तिच्या तुटलेल्या संसाराची गोष्ट. सुचित्रा सेनची ती पुढारी बाई सिगारेट-दारू घेताना दिसते, हा आक्षेपांपैकी एक होता असं सांगतात. 'सामना'तला मास्तर अख्खा चित्रपटभर पितो. त्याच्या पिण्याने कुठल्या पुरुष पुढाऱ्याचा अवमान झाला नाही. योगायोग असा की आणीबाणी पुकारली गेली त्यानंतर दोन-तीन दिवसांत बर्लिनचा महोत्सव सुरू झाला, आणि त्यात भारतातून गेलेला चित्रपट होता 'सामना'.

बाईवरचा विनोद आणि सत्तेवरचा विनोद या दोन गोष्टी एकमेकींत किती मिसळतात याचं उदाहरण आपल्याच चळवळीत आहे. १९७२ चा लाटणे मोर्चा आठवा. लाटणं आणि थाळी हातात घेऊन महागाईविरुद्ध निघालेल्या बायका हीसुद्धा एक थट्टाच होती, राज्यकर्त्यांना घाम फोडणारी. १९७७ साली मृणालताई गोरे लोकसभेवर गेल्या तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा महाराष्ट्रभर झाली. मला ही घोषणा आवडते, अजूनही ओठांवर हसू येतं. पण त्याच काळात इंदिराबाईंवर जे बाकीचे विनोद चालत ते आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहेत. त्यातले निम्मे आणीबाणीवर नव्हते, त्यांच्या विधवापणावर होते. घोषणा खुर्चीला लागत होती, ते विनोद बाईपणाला. हा फरक आपल्याला करता आला पाहिजे. मात्र हा फरक करण्याचं काम तहसीलदाराकडे किंवा सेन्सॉर बोर्डाकडे द्यावं का?

आपल्या भागाचा इतिहास तर याबाबतीत फार बोलका आहे. सातारा जिल्ह्यात १९२० च्या आगेमागे सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरत आणि भटजी-सावकारांची टर उडवत. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांच्या लोकनाट्यावर मोरारजी देसाईंच्या काळात बंदी आली. स्वातंत्र्यानंतर तमाशावरच बंदी घातली गेली ती अश्लीलतेच्या नावाखाली, म्हणजे बायकांच्या अब्रूच्या नावाखाली! उपासमार झाली ती फडातल्या बायकांची. पुढे बंदी उठली, पण संहिता आधी तपासून घ्यायची अट राहिली. नाटक-तमाशाची संहिता मंजूर करून घेण्यासाठी आपल्या राज्यात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ असतं, आणि या पूर्वतपासणीला अमोल पालेकरांनी २०१६ साली उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. आमचं टँकरचं सोंग या नियमात बसवायचं तर आधी ते लिहून काढून मुंबईला पाठवायला हवं होतं. आमच्यातल्या दोघींना लिहिता येत नाही.

मला माहीत आहे, आपली चळवळ बंदीच्या बाजूने कधीच नव्हती असं म्हणता येणार नाही. जाहिरातींतल्या, पोस्टरवरच्या बीभत्स चित्रणाविरुद्ध आपल्या आधीच्या पिढीने डांबर फासलं, १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा आला. त्या रागाचा मला आदर आहे. पण तो कायदा वापरून किती बायकांचं भलं झालं याचा हिशेब आपण कधी मांडला आहे का? 'मुलगी झाली हो' हे स्त्री मुक्ती संघटनेचं नाटक १९८३ पासून गावागावांत गेलं. हुंड्यावर, मुलीच्या जन्मावर लोक हसले आणि हसताहसता खाली बघायला लागले. त्याने जे झालं ते कुठल्या हुकुमाने झालं नाही.

आणि आता काळ असा आहे की बंदीला सरकारी कागदही लागत नाही. २०१० मध्ये अवधूत गुप्तेंचा 'झेंडा' लागायच्या वेळी तो आधी पुढाऱ्यांना दाखवला गेला. एका व्यक्तिरेखेवरून नारायण राणे यांच्या समर्थकांनी विरोध केला, आणि दिग्दर्शकाला बदल करावे लागले. मार्च २०२५ मध्ये उपमुख्यमंत्र्यांवरच्या विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड झाली. मोडणारे पक्षाचे कार्यकर्ते होते, गुन्हा कुणाल कामरावरही नोंदला गेला, आणि लगोलग महापालिकेचे लोक हातोडे घेऊन त्या स्टुडिओत पोचले. १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात स्पष्ट सांगून ठेवलं आहे की निदर्शनांच्या, हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, तिला संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे. निकाल आहे, पण तो घेऊन उभं राहायला वकील लागतो, पैसा लागतो. सेन्सॉर बोर्डाच्या निर्णयावर दाद मागायचं जे न्यायाधिकरण होतं तेही २०२१ साली बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय गाठायचं.

या सगळ्या प्रकरणांत एक शब्द समान आहे: अवमान. पक्षाचा अवमान, नेत्याचा अवमान, समाजाचा अवमान. आमच्या निवेदनातही दुसऱ्याच ओळीत तो शब्द होता. तो वाचल्यावर माझा हात थांबला. पारावर आमच्या टँकरच्या सोंगाबद्दल जे बोलणं झालं त्यातही गावाचा अवमान झाला असंच म्हटलं गेलं होतं. समजा, आमच्या निवेदनावर तहसीलदारांनी उद्या हुकूम काढला. मग पुढच्या महिन्यात तो पारावरचा माणूस आमच्याच मजकुराची नक्कल करून आमच्या सोंगाविरुद्ध निवेदन देईल. त्याच्याकडे ३१ नाही, तीनशे सह्या असतील. कुठल्या तोंडाने नको म्हणणार आपण?

यावर बैठकीत मला विचारलं गेलं की मग सरपंचबाईंनी काय सोसत बसायचं? नाही. 'पास करा' म्हणून ओरडणारी पोरं चित्रपटात नाहीत, ग्रामसभेत आहेत. त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. सरपंच सभेची अध्यक्ष असते. सभेत गोंधळ घालणाऱ्याला समज देणं, इतिवृत्तात त्याचं नाव घालायला लावणं, गरज पडली तर गटविकास अधिकाऱ्यांकडे त्या वागण्याची तक्रार करणं, हे सगळं तिच्या हातात आहे. त्या तक्रारीवर मी पहिली सही करीन. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असा कायदाच आहे, ती आमच्याकडे बहुतेक वेळा कागदावरच होते. ती खरोखर भरवायची. आधी चाळीस बायका बोलून, ठरवून आल्या आणि सरपंचबाईंच्या मागे बसल्या, तर मागच्या रांगेतून ओरडायला पोरांना जागाच राहणार नाही.

राहिला तो चित्रपट. त्याच्यावर मला राग आहे तो तो हसवतो म्हणून नाही, तो अर्ध्यावर थांबतो म्हणून. कागद फिरून नवऱ्याच्या हातात गेला, नवऱ्याने सही केली, आणि कॅमेरा बाईच्या बावळट चेहऱ्यावर. सरपंच नसताना सरपंचाची सही ठोकणारा तो माणूस गुन्हा करतोय, खरा विनोद तिथे आहे, पण कॅमेरा त्याच्याकडे वळतच नाही. साक्षरता मोहिमेतल्या कागदी घोड्यांवर रमेश इंगळे उत्रादकरांनी 'निशाणी डावा अंगठा' लिहिलं, त्यावर चित्रपटही निघाला. तिथे हसू येतं ते अंगठा उठवणाऱ्या बाईचं नाही, तो मोजून वर आकडे पाठवणाऱ्या यंत्रणेचं. हे जमतं, म्हणजे जमवता येतं. आपण प्रेक्षक म्हणून हे बोलायला हवं, परीक्षणं लिहायला हवीत, दिग्दर्शकांना पत्रं लिहायला हवीत. बायका राजकीय चित्रपट बघत नाहीत, त्यांना सासू-सुना लागतात, असं धरून चालणाऱ्यांना माणमधल्या त्या धोतराच्या पडद्यासमोर आणून बसवायला हवं.

बैठकीत माझं म्हणणं सगळ्यांना पटलं असं नाही. दोघींनी रागाने बोलणं सोडलं आहे. निवेदन अजून फाईलमध्ये आहे, फाडलेलं नाही, दिलेलंही नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा चर्चा होईल, आणि बहुमताने द्यायचं ठरलं तर ते जाईल, माझ्या सहीशिवाय. टँकरच्या सोंगात अध्यक्ष झालेली बाई महिनाभर आली नव्हती, ती गेल्या आठवड्यात आली. नवऱ्याने काय म्हटलं हे तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. सरपंचबाई एका कोपऱ्यात बसून होत्या. निघताना त्यांनी मला हळूच विचारलं, तो पास करायचा तुकडा त्यांना सोंगात करता येईल का, शेवट बदलून. नवऱ्याने सही केली की त्याला घेऊन ग्रामसेवकाने सरळ पोलीस ठाण्यात जायचं. मी म्हटलं, "करू या की. नवरा कोण होणार?"

त्या म्हणाल्या, "मीच हुतो. मला त्याचं समदं पाठ हाय."

समाजमंदिराची किल्ली मिळालेली नाहीच. शाळेची भिंत आहे.